कॉर्नेलियसकाकांचं 'हो'

लिंडेनबाखमध्ये कॉर्नेलियस बोशमानच्या प्रवचनांबद्दल एक किस्सा सांगतात. काकांनी वही उघडली तेव्हा टेव्सांची कोंबडी नुकती खुडूक बसली होती, आणि काकांनी वही मिटली तेव्हा पिल्लं अंगणात दाणे टिपत होती. किस्सा त्याच्या कानावर गेला तेव्हा तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "साफ खोटं. टेव्सांकडे कोंबड्या नाहीतच, बदकं आहेत."

मेनोनाइट पंथाचा ख्रिस्ती माणूस हा असाच. विनोद मेला तरी चालेल, पण खोटं जगता कामा नये. शपथ म्हणून घ्यायची नाही. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही, त्याच्यापुढे एक अक्षर जोडलं तर ते सैतानाचं, हे या माणसांना चारशे वर्षं पाळण्यात शिकवलं जातं. दुसरी शिकवण बंदुकीची. मारायला आला तरी उलटून मारायचं नाही. आणि अशा या लोकांच्या धर्मगुरूने, ज्याला त्यांच्या बोलीत सगळे काकाच म्हणतात, बावीस वर्षं एक गोष्ट पोटात दडवून ठेवली होती. ती गोष्ट बंदुकीचीच होती.

त्याचा जन्म रशियाच्या दक्षिणेला, वाइडेनाउ गावात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत झाला. बाप गिरणीवाला. थोरली बहीण लिझेट. आई-बाप टायफसने गेले तेव्हा कॉर्नेलियस एकवीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी, एकोणीसशे एकोणीस साली, सगळीकडे अंदाधुंदी माजली. राजा गेला होता, नवं सरकार बसलं नव्हतं, आणि ज्याच्या बुडाखाली घोडा त्याचं राज्य होतं. टोळ्या यायच्या, जेवायच्या, घोडे न्यायच्या. वडीलधारे म्हणायचे, मागतील ते द्या, खाऊ घाला, जातील. तरणी पोरं मात्र आतून धुमसत होती. महायुद्धातून परत चाललेल्या जर्मन शिपायांकडून काहींनी बंदुका मिळवल्या. कॉर्नेलियसने आपली गिरणीच्या माळ्यावर पोत्यांमागे ठेवली. हे फक्त लिझेटला आणि तिच्या नवऱ्याला, हर्मानला, ठाऊक होतं. हर्मान म्हणाला होता, "विहिरीत टाक ती. घरात साप पाळू नये." कॉर्नेलियसने हो-हो केलं आणि टाकली नाही.

त्या ऑक्टोबरमध्ये हर्मान मारला गेला. लिझेटच्या मांडीवर चार महिन्यांचा डिर्क होता.

पाच वर्षांनी तिघं कॅनडात, मॅनिटोबाच्या सपाट रानातल्या लिंडेनबाखला, येऊन पडली. मेक्सिकोला निघून गेलेल्या जातभाईंची घरं तिथे रिकामी होती. त्यातल्या एकात लिझेट आणि डिर्क राहिले, शेजारच्या घरात कॉर्नेलियस आणि त्याने इथे आल्यावर केलेली बायको आगाथा. वाइडेनाउचं दुसरं कोणी या गावात नव्हतं. कॉर्नेलियसला ते बरंच वाटलं. त्याने गहू केला, डुकरं पाळली, आणि भाच्याला खांद्यावर घेऊन हिंडवला. डिर्क त्याला अरे-तुरे करायचा. पुढे सारा गाव काका म्हणायला लागला, तरी डिर्क एकटा मामाच म्हणायचा.

एकतीस साली गावाने धर्मगुरूची निवड केली. या लोकांत धर्मगुरू शिकून होत नाही, उमेदवार उभा राहत नाही. प्रत्येकजण मोठ्या काकांच्या, म्हणजे थोरल्या धर्मगुरूंच्या, कानात एक नाव सांगतो, आणि जास्त मतं ज्याला पडतात त्याच्या गळ्यात जन्माचं जोखड. पगार नाही, झगा नाही. मोठे काका क्लास नाख्तिगाल यांनी कॉर्नेलियसचं नाव वाचलं आणि तो रडायला लागला. लोक म्हणाले, काय ही नम्रता! नम्रता कसली, त्याला गिरणीचा माळा आठवला होता. मोठ्या काकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मनावर काही ओझं आहे?" त्याने तोंड उघडलं. इतक्यात बायकांच्या बाकांवरून खोकला ऐकू आला. लिझेटचा होता. तिला सर्दी बिर्दी काही नव्हती. त्याने तोंड मिटलं, नुसती मान हलवली, आणि तेच 'नाही' म्हणून धरलं गेलं.

मान हलवली, शब्द बोललो नाही, म्हणजे खोटं बोललो नाही. अशी मखलाशी त्याने अकरा वर्षं स्वतःशी केली. या लोकांनाच सुचावी अशी ती पळवाट होती, आणि तिला काडीचा अर्थ नाही हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

बेचाळीसच्या जानेवारीत डिर्कला बोलावणं आलं. जगात पुन्हा युद्ध पेटलं होतं. ज्याचा धर्म बंदूक उचलू देत नाही, त्याने न्यायाधीशापुढे उभं राहून ते पटवून द्यायचं, असा सरकारचा नियम होता. पटलं तर जंगलातल्या छावणीत झाडं लावायला. नाही पटलं तर सैन्यात. धर्मगुरूने साक्षीला सोबत यायचं.

कोर्टाच्या दिवशी सकाळी लिझेटने फडक्यात पाव बांधले, मोठ्यावर छोटा बसवून भाजलेले ते लोण्याचे पाव, आणि भावाला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं.

"हर्मान गेला," ती म्हणाली. "आता हा गेला तर मी कोणासाठी चूल पेटवू? काहीही कर, पण याला परत आण."

"आणि त्यांनी मला विचारलं तर?"

"तुला कशाला विचारतील? तू धर्मगुरू आहेस." तिने गाठ घट्ट आवळली. "विचारलं तरच बोल. विचारलं नाही तर दातखीळ बसू दे."

डिर्क ट्रक चालवत होता. बाहेर थंडी अशी, की काचेवरचा श्वास गोठून त्याची साय होत होती. सहा मैल झाले. मग डिर्क म्हणाला, "मामा, तुला आत्ताच सांगून ठेवतो. नंतर म्हणू नकोस की तोंडघशी पाडलं."

"काय?"

"मला बापाबद्दल विचारलं ना, तर मी खरं तेच सांगणार. वाइडेनाउत एकाच्या, फक्त एकाच्या हातात बंदूक असती, तर माझा बाप आज जिवंत असता."

कॉर्नेलियसच्या हातातला पाव हातातच राहिला.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? तुम्ही सगळे मेंढरांसारखे उभे राहिलात. ते आले, खाल्लं, प्यायले, आणि गंमत म्हणून पाच जणांना भिंतीशी लावलं. आई एवढंच सांगते. तू तर तेवढंही सांगत नाहीस."

"असं बोललास तर सैन्यात घालतील तुला."

"घालू देत. टेव्सांचा पोरगा फ्रान्स गेलाच की."

"तुझी आई..."

"आईसाठीच अर्ज केला, मामा. पण आईसाठी खोटं बोलू? तूच शिकवलंस ना, हो म्हणजे हो?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. आत्ता, या ट्रकमध्ये, दोघंच असताना सांगून टाकावं, असं त्याला फार वाटलं. मग लिझेटची गाठ आठवली, आणि कोर्टाच्या गावचं धान्याचं कोठार दिसायला लागलं. मला त्याचा इथे राग येतो. बारा मैलांचा रस्ता होता, आणि या माणसाने तो पाव खाण्यात घालवला.

कोर्टाची खोली तापलेली होती. ओल्या लोकरीचा वास येत होता. न्यायाधीश उतारवयाचा, गालफडं बसलेला, सकाळपासून अशा वीस पोरांना ऐकून कंटाळलेला. कारकुनाने बायबल पुढे केलं. डिर्क म्हणाला, "शपथ घेणार नाही. खरं बोलेन." न्यायाधीशाने हात हलवला, त्याला ते पाठ झालं होतं.

"तुमच्या घरात बंदूक आहे?"

"सशांसाठी आहे, साहेब."

"म्हणजे सशांवर प्रेम करायची अट नाही." कारकून हसला. डिर्क नाही हसला. न्यायाधीशाने कागद उलटला. "वडील कुठे असतात?"

"मारले गेले. रशियात."

न्यायाधीशाने पहिल्यांदा वर पाहिलं. "कोणी मारलं?"

"लुटारूंनी."

"आणि ते लुटारू आज समोर उभे असते, हातात बंदूक असती, तर?"

खोलीत शेगडी तेवढी कुरकुरत होती. डिर्कने एकदा मामाकडे पाहिलं. "साहेब, मला एवढंच माहीत आहे की त्या दिवशी तिथे एकाच्या जरी हातात बंदूक असती, तर माझे वडील वाचले असते."

झालं. न्यायाधीशाने लेखणी उचलली. कॉर्नेलियसचं इंग्रजी बी-बियाणं आणि ट्रॅक्टरपुरतं होतं, पण लेखणी उचलण्याचा अर्थ कळायला भाषा लागत नाही. त्याला लिझेटची चूल दिसली. आणि मग न्यायाधीशाने काय वाटून कोण जाणे, लेखणी तशीच धरून त्याच्याकडे मान वळवली आणि काहीतरी विचारलं. कारकून म्हणाला, "दुभाषा आजारी आहे साहेब." न्यायाधीशाने डिर्कला खूण केली.

"तू विचार त्यांना. आणि ते बोलतील तसंच्या तसं मला सांग. तुझ्या पदरचं काही नको."

डिर्क मामाकडे वळला. त्यांच्या घरच्या बोलीत, ज्या बोलीत त्याने याच माणसाच्या खांद्यावर बसून पहिला शब्द उच्चारला होता, त्याने विचारलं, "साहेब विचारतायत, तू तिथे होतास का?"

"हो."

"तिथे कोणाकडेच बंदूक नव्हती का?"

इथे खोकायला कोणी नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी गुपित टिकलं असतं. नाही तरी डिर्कचं मत तेच होतं, न्यायाधीश तेच लिहिणार होता. पण आता त्याला विचारलं होतं, शब्दात विचारलं होतं, आणि विचारणारा डिर्क होता.

"होती," तो म्हणाला. "माझ्याकडे होती."



"काय म्हणाले?" न्यायाधीशाने विचारलं.

"म्हणतात..." डिर्क न्यायाधीशाकडे वळला. "म्हणतात, होती. त्यांच्याकडे होती."

"पुढे?"

आणि मग जे बावीस वर्षं तुंबलं होतं ते बाहेर आलं, एकेक वाक्य, मध्ये थांबून, कारण प्रत्येक वाक्य डिर्कला न्यायाधीशाच्या भाषेत पुन्हा बोलावं लागत होतं. दुपारची वेळ होती. चौदा घोडेस्वार आले होते. हर्मानने अंगणात टेबलं मांडली, डुकराचं खारवलेलं मांस वाढलं. ते जेवले, दोन घोडे सोडून घेतले, निघण्याच्या बेतात होते. एकाने जाता जाता हर्मानला चाबूक मारला. चेष्टेने. मी गिरणीच्या माळ्यावर होतो. ते बघवलं नाही. मी गोळी झाडली.

"'मी'," डिर्क न्यायाधीशाला म्हणाला, आणि थांबला, आणि दुरुस्त केलं, "म्हणजे ते. त्यांनी झाडली."

एक स्वार पडला. मग ते उतरले. गावातल्या पाच जणांना गिरणीच्या भिंतीशी उभं केलं. बंदूक कोणाची, विचारलं. चौघांना खरंच माहीत नव्हतं. हर्मानला माहीत होतं. तो म्हणाला, "माहीत आहे, पण सांगणार नाही." मी वर होतो. भिंत माझ्या पायाखालीच होती. प्रत्येक शब्द ऐकू आला मला. जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. मी उतरलो नाही.

डिर्कने आधीचं सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य मात्र त्याच्या तोंडून निघेना. कारकुनाने पाण्याचा पेला पुढे केला. त्याने तो घेतला नाही. न्यायाधीश वाट पाहत राहिला. पोराला ते वाक्य गिळता आलं असतं, तिथे ही बोली दुसऱ्या कोणाला येत नव्हती.

"ते उतरले नाहीत," डिर्क शेवटी इंग्रजीत म्हणाला.

मग न्यायाधीशाने लेखणी खाली ठेवली आणि हळू विचारलं, "मुला, मी तुला तोच प्रश्न पुन्हा विचारतो. बंदूक हातात दिली तर घेशील?"

डिर्कने उत्तराला इतका वेळ लावला की कारकुनाने दोनदा घड्याळ पाहिलं.

"सकाळी विचारलं असतंत तर घेईन म्हणालो असतो," तो म्हणाला. "आता नाही."

सोमवारी छावणीत हजर व्हायचा कागद मिळाला. डिर्क सुटला होता.

परतीच्या वाटेलाही डिर्कच चालवत होता. पावांचं फडकं दोघांच्या मध्ये पडून होतं. कॉर्नेलियस एकदा म्हणाला, "डिर्क, अरे..." डिर्क समोर बघत म्हणाला, "काच पुसा जरा, काका. तुमच्या बाजूची. दिसत नाही."

काका. तुमच्या. गावातलं शेंबडं पोरही त्याला तसंच हाक मारायचं, त्यात वाईट असं काहीच नव्हतं. कॉर्नेलियसने बाहीने काच पुसली.

लिझेट फाटकात उभी होती. डिर्कने कागद तिच्या हातात दिला. ती रडायला लागली, देवाचे आभार मानायला लागली, आणि डिर्क म्हणाला, "काकांनी सांगितलं सगळं. कोर्टात." तिचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

तिने भावाकडे पाहिलं, मग मुलाकडे. "होतं."

"बावीस वर्षं?"

"हो. एक गेला होता, दुसऱ्यालाही घालवू? माझं दुसरं होतं कोण?" मग तिचा आवाज चढला. "तुला खांद्यावर कोणी हिंडवलं असतं रे?"

डिर्क घोडे बघायला तबेल्यात गेला. कॉर्नेलियस घरी गेला आणि आगाथाला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. ती सोलतच राहिली, लागत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून मोठ्या काकांकडे गेला. नाख्तिगाल नव्वदीला आलेले, अर्धे बहिरे. त्याला सगळं दोनदा, तेही ओरडून सांगावं लागलं, आणि सुनेने ते ऐकलं, म्हणजे जेवणाच्या आधी गावाने ऐकलं.

रविवारी प्रार्थनेनंतर बायका बाहेर गेल्या आणि दारं बंद झाली. पुरुषांची सभा. भिंतीशी मारलेल्या पाच जणांचा तिथे प्रश्न नव्हता. प्रश्न बंदुकीचा होता, आणि त्या एका हलवलेल्या मानेचा. कॉर्नेलियस धर्मगुरूंच्या बाकावरून उठून मध्ये उभा राहिला. त्याने वही आणली नव्हती. सगळ्या आयुष्यातलं त्याचं सगळ्यात लहान प्रवचन ते: "मी मारलं. मी लपलो. तुम्ही विचारलं तेव्हा मी तुम्हाला फसवलं. मला क्षमा करा."

रीत अशी की प्रत्येकाने पुढे येऊन हात हातात घ्यायचा आणि तोंडाने सांगायचं, हो किंवा नाही. एक जरी नाही आलं, तरी तो माणूस ते मिटेपर्यंत व्यासपीठावर चढत नाही. मोठे काका पहिले आले. "हो," ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. मग टेव्स आला, ज्याचा मुलगा सैन्यात गेला म्हणून या काकांनी त्याला दोन प्रवचनं ऐकवली होती. त्याने हात जरा जास्तच दाबला. "हो. आणि बदकांची आठवण ठेवा." कोणीतरी हसलं, मग दबकलं. हो, हो, हो. अठ्ठावन्न हात झाले. कॉर्नेलियस मोजत नव्हता, तो दाराजवळच्या शेवटच्या बाकाकडे बघत होता. तिथे नव्याने बाप्तिस्मा झालेली पोरं बसायची.

डिर्क सगळ्यांत शेवटी आला. पुढ्यात उभा राहिला. हात बाजूलाच होते.

सगळ्या सभेला वाटलं, आता हा हो म्हणेल. उद्या छावणीत जायचंय पोराला, काकांमुळे सुटलंय, आई दाराबाहेर थंडीत उभी आहे. शब्द तर एका अक्षराचा. आणि कॉर्नेलियसला ते हो इतकं हवं होतं की त्याने डोळे मिटले. खोटं चाललं असतं त्याला. खरंच चाललं असतं.

"नाही," डिर्क म्हणाला.

बाक करकरले. मोठ्या काकांनी कानामागे हात धरला, "काय म्हणाला?" कोणी सांगेना.

कॉर्नेलियसने डोळे उघडले. डिर्क रडत होता, नाक पुसायचंही भान नव्हतं त्याला, आणि आता त्याने हात पुढे केला होता, आणि मामाचा हात दोन्ही हातांत गच्च धरला होता.

"नाही, मामा," तो म्हणाला. "अजून नाही. तू वाट बघशील?"

"हो," कॉर्नेलियस म्हणाला, आणि व्यासपीठाकडे न जाता दाराजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसला.